मालकाला प्रश्न विचारणारा माणूस

कौटुंबिक कंपनीच्या प्रमुखाला सल्ला देणाऱ्यांची कधीच वानवा नसते. सनदी लेखापाल, वकील, बँकेचे अधिकारी, काका, मेहुणे असे सारेच काही ना काही सांगत असतात. मात्र यातील बहुतेकांचे हितसंबंध त्याच्या निर्णयात गुंतलेले असतात. ज्याच्याशी निःसंकोच बोलता येईल, असा माणूस त्याच्याजवळ सहसा नसतो. ‘बिझनेस कोच’ची गरज भासू लागते ती येथे.

पुणे-कोल्हापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतींमध्ये एक चित्र नेहमी दिसते. मुलगा व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन परततो आणि केबिनच्या दारावर ‘कार्यकारी संचालक’ अशी पाटी लागते. नव्या यंत्राच्या खरेदीचा निर्णय तो घेतो. संध्याकाळी जुना फोरमन ‘मोठ्या साहेबां’ना भेटतो आणि दुसऱ्या दिवशी निर्णय फिरतो. मुलगा गप्प राहतो, कारण समोर कंपनीचे अध्यक्ष नसतात, वडील असतात. रात्री जेवताना हाच विषय निघतो किंवा सारेच तो कटाक्षाने टाळतात. टाळणे अधिक घातक.

हार्वर्डमधील रेनाटो टॅगिउरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७८ मध्ये हा गुंता तीन वर्तुळांच्या आकृतीने मांडला. कुटुंब, मालकी आणि व्यवसाय ही ती वर्तुळे. एकमेकांना छेदून ती सात भाग निर्माण करतात. भागभांडवल असलेली पण कंपनीत काम न करणारी बहीण एका भागात, काम करणारा पण भागभांडवल नसलेला जावई दुसऱ्या भागात, आणि प्रमुख मात्र तिन्ही वर्तुळांच्या मधोमध. आपण या क्षणी कोणत्या नात्याने बोलत आहोत, याचे भान त्यालाच सर्वांत कमी असते.

सल्लागार उत्तर देतो, कोच प्रश्न विचारतो. टेनिस प्रशिक्षक टिमथी गॅलवे यांच्या १९७४ मधील पुस्तकातून ही पद्धत पुढे आली; जॉन व्हिटमोर यांनी १९९२ मध्ये ती व्यवसायाच्या संदर्भात रुजवली. फोरमन परस्पर वडिलांकडे का जातो? किती रकमेपर्यंतचा निर्णय तुमचा, हे कोठे लिहिलेले आहे का? वडिलांशी याविषयी शेवटचे कधी बोललात? बहुतेकदा शेवटच्या प्रश्नावर शांतता पसरते. अधिकारांची मर्यादा लेखी ठरवून वडिलांची संमती घ्यायची, एवढेच काम ठरते. पुढच्या भेटीत ते झाले का, याची विचारणा होते. वरकरणी हे क्षुल्लक वाटेल, पण प्रमुखाला असा जाब विचारणारे एरवी कोणी नसते.

बाहेरचा माणूस काय साधू शकतो, याचे पुण्यातील ठळक उदाहरण थरमॅक्सचे आहे. अर्थात तेथे आला तो कोच नव्हे, सल्लागार. १९९६ मध्ये रोहिंटन आगा यांच्या निधनानंतर अनु आगा यांच्याकडे सूत्रे आली. पुढच्याच वर्षी त्यांचा मुलगाही अपघातात गेला. कंपनीची घसरण सुरू झाली तेव्हा त्यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपला पाचारण केले. संचालक मंडळाची फेररचना झाली, कुटुंबीय कार्यकारी पदांवरून दूर झाले. २००४ मध्ये अध्यक्षपद कन्या मेहेर पदमजी यांच्याकडे गेले. आराखडा सल्लागारांनी दिला, पण स्वतःच्याच माणसांना बाजूला करण्याचा निर्णय अनु आगा यांनाच पेलावा लागला. कोचचे खरे काम असते ते या पेलण्यात.

मात्र प्रत्येक दुखण्यावर हे औषध नव्हे. भाऊबंदकीचा वाद मालकी हक्कापर्यंत गेला की वकील आणि मध्यस्थ लागतात. २००९ च्या कौटुंबिक करारावरून किर्लोस्कर बंधूंमधील वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. २०२१ मध्ये न्यायालयाने मध्यस्थीचा मार्ग सुचवला. अशा टप्प्यावर कोच फारसे काही करू शकत नाही.

निवड करतानाही सावधगिरी हवी. भारतात या व्यवसायासाठी कायद्याने परवाना लागत नाही, त्यामुळे कोणीही पाटी लावू शकतो. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रासाठी किमान ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, एवढा निकष तरी पडताळून पाहता येतो. त्याहून नाजूक प्रश्न गोपनीयतेचा. शुल्क कंपनी देते, धनादेशावर सही वडिलांची असते आणि बोलणार असतो मुलगा. त्याचे बोलणे वडिलांपर्यंत जाणार की नाही, हे पहिल्या बैठकीपूर्वीच तिघांनी मिळून लेखी ठरवावे लागते.