मोघम बोलण्याची ताकद
मनाचे व्यवहार : लेखांक 7

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. कलंडलेल्या बाईवर हात रोखून उभा असलेला पाद्री. हा आबे फारिया. 1756 साली गोव्यातल्या कांदोळीत जन्मलेला हा माणूस 1813 पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागला. प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकीय प्रवाह निघतो, अशी तेव्हाची समजूत. फारियाने ती झिडकारली. तो समोरच्याला खुर्चीत बसवी, डोळे मिटून झोपेचा विचार करायला सांगे आणि मग ठणकावून म्हणे, "झोपा!" ताकद आपल्यात नाही, समोरच्याच्या मनात आहे, असं त्याचं म्हणणं होतं.

विसाव्या शतकात मिल्टन एरिक्सन या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने हुकमापेक्षा मोघमपणावर भर दिला. त्याच्या धाटणीचं वाक्य साधारण असं असतं : "हात जड वाटेल, कदाचित हलका वाटेल, आत्ता वाटेल, नाहीतर थोड्या वेळाने." काहीही झालं तरी हे खरंच ठरतं. काहीतरी वाटणार, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. ऐकणाऱ्याचं लक्ष हाताकडे जातं, तिथे काही ना काही जाणवतंच, आणि पुढचं ऐकायला मन तयार होतं. ठाम विधान आपण तपासतो, पटलं नाही तर अडून बसतो. मोघम विधानात अडायला जागाच नसते. रिकामी जागा आपणच आपल्या अनुभवाने भरतो आणि स्वतः लावलेल्या अर्थावर सहसा शंका घेत नाही.

हेच लासूर स्टेशनच्या बाजारपेठेत बघा. कांदा विकून निघालेला शेतकरी औषधाच्या दुकानात शिरतो. दुकानदार म्हणतो, "दादा, हे टॉनिक मारून तर बघा, फरक दिसेल." फुगवणीत की पातीत, किती आणि किती दिवसांत, हे तो बोलतच नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "लिटर देऊ का अर्धा?" घ्यायचं की नाही, हा मुद्दा तिथेच गळतो. पुढच्या आठ दिवसांत पिकाला पाणी मिळतं, खत लागतं, आभाळ निवळतं, पात टवटवीत होते. शेतकरी चार जणांना सांगतो, "गुण आला बरं का!" दुकानदार खोटं बोललेला नाही. फरक कशाचा, हे शेतकऱ्याने स्वतःच ठरवून टाकलं.

शिकलेली माणसंही यातून सुटत नाहीत. 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना 'तुझं स्वभाववर्णन' म्हणून एकच मजकूर दिला. त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. विद्यार्थ्यांनी त्याला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले.

मोघमपणा काढून घेतला की काय होतं, तेही महाराष्ट्रात तपासून झालं आहे. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 साली ज्योतिषांसमोर चाचणी ठेवली. प्रत्येकाला 40 पत्रिका दिल्या. प्रश्न एकच : हे मूल हुशार की मतिमंद? 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं सरासरी प्रमाण 46 टक्के निघालं. नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी निम्मी बरोबर आली असती.

मोघम बोलणं मुळात वाईट नव्हे. घाबरलेल्या रुग्णाला डॉक्टरचं "हळूहळू बरं वाटेल" आधार देतं. पण खिशात हात घालायची वेळ आली की तीन प्रश्न विचारा : कशात फरक, किती फरक, किती दिवसांत? आणि टॉनिक घेतलंच, तर एक वाफा न फवारता राखा. पाणी, खत सगळं सारखंच द्या. काढणीला दोन्हीकडचा कांदा वजन करून बघा, आणि मगच पुढची बाटली घ्या.