छत्तीस बाय बारा

वर्तुळाचे क्षेत्रफळ सगळ्यांना येते, त्यावर शाई खर्च करत नाही. लंबवर्तुळाचा विषय निघाला की आपल्याकडचे विद्वान आर्किमिडीजचे नाव घेतात, नाहीतर ‘सगळे आपल्या ग्रंथांत आधीच होते’ म्हणून मिशीला पीळ देतात. माझे दोघांशीही जमत नाही.

माझा माणूस गणिती महावीराचार्य. सन 850च्या सुमाराचा, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळातला. हे राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरपुरवराधीश्वर म्हणवत. लट्टलूर म्हणजे आपले लातूर. त्यांची राजधानी मान्यखेट, आजचे मळखेड, आणि आमच्या नांदेडातल्या कंधारचा जगत्तुंग सागर हा तलावही त्यांच्याच काळातला. महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’त लंबवर्तुळाला ‘आयतवृत्त’ म्हटले आहे, आणि उदाहरण आहे लांबी 36, रुंदी 12 असे. ढोबळ रीत अशी: लांबीत रुंदीचे अर्धे मिळवून दुप्पट करा, झाला परीघ 84; त्याला रुंदीच्या चौथाईने गुणा, 252. त्यांच्याच सूक्ष्म रीतीने तर 233च येतात. खरे उत्तर 339च्या वर. म्हणजे आचार्य चुकले! वर्तुळाला लागू पडणारी रीत त्यांनी ताणून लांबवली. पण चुकले म्हणून झाकून ठेवायचे? मी तीस वर्षे हीच चूक फळ्यावर मांडून शिकवली.

मधली शतके सोडतो. भास्कराचार्यांनी गोलाच्या पृष्ठाचे वप्रक, म्हणजे फोडी, पाडून ते मोजले. 1854मध्ये आम्सलरने प्लॅनिमीटर केला, हद्दीवरून टोक फिरवून क्षेत्रफळ मोजायचे यंत्र. मोजणीवाले साखळीच्या रेषेवरून काटकोनात अंतरे घेत नदीकाठची वाकडी हद्द मोजत आले. वाकड्याचे सरळ तुकडे करायचे, वाट हीच.

एकदा उन्हाळ्यात मांजरा नदीकाठी एका नांगरलेल्या रानात पोरांना नेले. चौतीस हातांवर दोन खुंट्या ठोकल्या, सत्तर हातांचे दोरीचे वेटोळे त्यांत अडकवले, तिसरी खुंटी ताणून फिरवली आणि मागून फक्की टाकली. तेच छत्तीस बाय बारा हातांचे लंबवर्तुळ उमटले. मग सहा-सहा हातांवर रुंद्या मोजल्या: मधोमध बारा, मग सव्वा अकरा, मग नऊला थोडी कमी, टोकाला शून्य. बेरीज-गुणाकार करून पोरे 315पर्यंत आली. पट्ट्या अर्ध्या केल्या, 331. एक पोरगा ओरडला, “सर, आणखी बारीक करू का?” समाकलन त्याच्या तोंडून बाहेर पडले होते, बारावीला अजून दोन वर्षे होती.

आता प्रवेशपरीक्षांच्या लातूर पॅटर्नचे दिवस. चार पर्यायांत गोल काळा केला की प्रश्न संपतो. सूत्र पाठ असते. ते कशाचे, हे विचारायचे नाही.

त्या दिवशी बांधावर रानाचा मालक उभा होता. म्हणाला, “मास्तर, गुंठे किती भरले?” मी हिशेब करून सांगितले, पाऊण गुंठाही नाही.

“मग एवढ्यासाठी सकाळपासून?” म्हणत त्याने बंडीच्या खिशातून तंबाखू काढली.