विश्लेषण : कॉलेजचे मैदान ते मेजर लीग बेसबॉल… पॉल स्कीन्स १० महिन्यांत तिथे कसा पोहोचला?

जून २०२३ मध्ये कॉलेजच्या संघाकडून खेळणारा पॉल स्कीन्स ११ मे २०२४ रोजी पिट्सबर्ग पायरेट्सकडून मेजर लीगमध्ये उतरला. त्याच वर्षी तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम पिचरला मिळणारा ‘साय यंग’ पुरस्कारही त्याने पटकावला. अमेरिकेत कॉलेज बेसबॉलमधून व्यावसायिक बेसबॉलमध्ये जाण्याचा रस्ता जुना आहे. पण तो इतका आखूड क्वचितच असतो.

स्कीन्सची गोष्ट काय?

स्कीन्स सुरुवातीला अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत कॅडेट होता. तिथे तो पिचिंग करायचा, कॅचर म्हणून यष्टिरक्षकासारखी जबाबदारी सांभाळायचा आणि बॅटिंगही करायचा. अकादमीत तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की सैनिकी सेवेचे बंधन लागू होते. त्याआधीच, २०२२ च्या उन्हाळ्यात, तो लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत (एलएसयू) आला. योगायोग असा की, मिनेसोटा ट्विन्स या मेजर लीग संघाचे पिचिंग प्रशिक्षक वेस जॉन्सन हेही त्याच सुमारास, ऐन हंगामात संघ सोडून एलएसयूमध्ये दाखल झाले. व्यावसायिक संघातला प्रशिक्षक कॉलेजकडे वळतो, यावरूनच या कॉलेजांकडे किती पैसा आणि किती महत्त्वाकांक्षा आहे ते कळते.

एलएसयूत स्कीन्सने बॅट बाजूला ठेवली आणि फक्त पिचिंग केले. त्या एका हंगामात त्याने २०९ बॅटर स्ट्राइकआउट केले. ताशी १६० किलोमीटरचा चेंडू त्याच्यासाठी नेहमीचा झाला.

ओमाहाचा तो सामना कोणता?

कॉलेज बेसबॉलचा अंतिम टप्पा, म्हणजे ‘कॉलेज वर्ल्ड सीरिज’, १९५० पासून नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात होतो. २०२३ मध्ये उपांत्य फेरीत एलएसयूसमोर वेक फॉरेस्ट होते. एका बाजूने स्कीन्स, दुसऱ्या बाजूने ऱ्हेट लाउडर. स्कीन्सने आठ इनिंग्जमध्ये एकही धाव दिली नाही, लाउडरने सात इनिंग्जमध्ये दिली नाही. अखेर ११ व्या इनिंगमध्ये टॉमी व्हाइटच्या होम रनवर एलएसयूने २-० असा सामना जिंकला. पुढच्या १४-१५ महिन्यांत हे दोन्ही पिचर मेजर लीगमध्ये होते.

त्या रात्री स्कीन्सने सुमारे १२० चेंडू टाकले. पिचरच्या कोपराचे अस्थिबंधन तुटले तर शस्त्रक्रिया आणि वर्षभराहून अधिक विश्रांती ठरलेली. प्रशिक्षकाला करंडक हवा असतो, तर खेळाडूचे सारे भवितव्य त्या एका हातात असते. एलएसयूने विजेतेपद जिंकले, पण अंतिम मालिकेत स्कीन्स पिचिंगला उतरला नाही. दोन आठवड्यांत, ९ जुलैला, ड्राफ्टमध्ये त्याची पहिल्या क्रमांकावर निवड झाली. दुसऱ्या क्रमांकावर त्याचाच सहकारी डिलन क्रूझ होता. एकाच कॉलेज संघातले खेळाडू पहिल्या दोन क्रमांकांवर जाण्याची ही पहिलीच वेळ. स्कीन्सला करारापोटी ९२ लाख डॉलर मिळाले.

ड्राफ्टचे नियम काय?

आयपीएलसारखी इथे बोली लागत नाही. संघ क्रमाने खेळाडू निवडतात आणि निवडलेल्या खेळाडूला त्याच संघाशी वाटाघाटी कराव्या लागतात. ही पद्धत १९६५ पासून आहे आणि पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू कॉलेजचाच होता : ॲरिझोना स्टेटचा रिक मंडे.

खेळाडू बारावीनंतर ड्राफ्टमध्ये जाऊ शकतो. मात्र चार वर्षांच्या कॉलेजात प्रवेश घेतला, तर तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत किंवा वयाची २१ वर्षे होईपर्यंत थांबावे लागते. म्हणजे १८ व्या वर्षी समोर आलेला पैसा नाकारायचा आणि तीन वर्षे दुखापत होणार नाही, खेळ घसरणार नाही यावर भरवसा ठेवायचा. तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूकडे ‘पैसे कमी वाटले तर कॉलेजात परत जातो’ असे म्हणण्याची सोय असते. चौथ्या वर्षानंतर ती उरत नाही आणि संघांनाही हे पक्के ठाऊक असते.

ॲरन जजने हाच धोका पत्करला होता. २०१० मध्ये ओकलंडने त्याला शाळेतून थेट निवडले, पण ३१ व्या फेरीत. शिक्षक आई-वडिलांचा हा मुलगा करार न करता फ्रेस्नो स्टेटला गेला. तीन वर्षांनी न्यूयॉर्क यँकीजने त्याला ३२ व्या क्रमांकावर, म्हणजे वरच्या रांगेत घेतले. २०१६ मध्ये मेजर लीगमधल्या पहिल्याच बॅटिंगला त्याने होम रन मारला, तरी त्या हंगामात ८४ पैकी ४२ वेळा तो स्ट्राइकआउट झाला. पुढच्या वर्षी ५२ होम रन आणि २०२२ मध्ये ६२. ३१ व्या फेरीची सोय आज उरलेलीही नाही. २०२१ पासून ड्राफ्ट २० फेऱ्यांचाच आहे.

मायनर लीग टाळता येते का?

जवळजवळ नाही. निवड झाल्यावरही खेळाडूला मायनर लीगच्या पायऱ्या चढाव्या लागतात. स्कीन्सनेही त्या चढल्या, फक्त भराभर. थेट मेजर लीगमध्ये उतरलेल्यांची नावे मोजकी आहेत. मिनेसोटा विद्यापीठाच्या डेव्ह विनफिल्डला १९७३ मध्ये बेसबॉल, बास्केटबॉल आणि फुटबॉल अशा तिन्ही खेळांतल्या संघांनी निवडले होते. उजव्या हाताला पंजा नसलेला मिशिगनचा जिम ॲबट १९८९ मध्ये थेट उतरला आणि १९९३ मध्ये यँकीजकडून त्याने ‘नो-हिटर’ टाकला, म्हणजे संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नाही.

या पायऱ्या खडतर होत्याच, वर पगारही तुटपुंजा होता. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला संघटित करार झाला, तेव्हा सर्वांत खालच्या स्तराचा वार्षिक किमान पगार ४,८०० वरून १९,८०० डॉलर झाला. २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार होता ७ लाख ६० हजार डॉलर. त्यातच मायनर लीगमधले संलग्न संघ १६० वरून १२० वर आले आहेत. साहजिकच, खेळाडू घडवण्याचा बराचसा खर्च आता क्लबांऐवजी कॉलेजे उचलतात.

कॉलेजची बॅट वेगळी का?

१९७४ पासून कॉलेजात धातूच्या बॅटला परवानगी आहे. मेजर लीगमध्ये फक्त लाकडी चालते. लाकडावर चेंडू आदळला की चेंडू जोरात दबतो आणि त्यात बरीच ऊर्जा वाया जाते. पोकळ धातूची भिंत मात्र स्वतः किंचित आत जाते आणि स्प्रिंगसारखी उसळून ऊर्जा परत देते. त्यामुळे १९८५ मध्ये ओक्लाहोमा स्टेटच्या पीट इन्काव्हिलियाने एका हंगामात ४८ होम रन मारले, तेव्हा त्यात खेळाडूचे किती आणि बॅटचे किती हा प्रश्न होताच. (तोही पुढे थेट मेजर लीगमध्येच उतरला.) २०११ पासून कॉलेजच्या बॅटच्या उसळीवर लाकडाच्या जवळ जाणारी मर्यादा आली. तरीही धातूची बॅट चुकीच्या जागी चेंडू लागला तरी सांभाळून घेते, तुटत नाही. म्हणून निवड समित्यांचे लक्ष उन्हाळ्यातल्या मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉड लीगकडे असते. तिथे कॉलेजचे खेळाडू गावकऱ्यांच्या घरी राहतात आणि लाकडी बॅटने खेळतात.

पुढे काय?

२०२४ चा पहिला क्रमांक ओरेगन स्टेटच्या ट्रॅव्हिस बझानाला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन. २०२५ मध्ये मात्र वॉशिंग्टन नॅशनल्सने एली विलिट्स हा १७ वर्षांचा शाळकरी मुलगा निवडला. एलएसयूसारख्या कॉलेजांसमोर अडचण अशी की, २०२५-२६ पासून संघाला ३४ खेळाडूंचीच मर्यादा आहे आणि दुसऱ्या कॉलेजातून तयार खेळाडू आणणे सोपे झाले आहे. स्कीन्सही तसाच आलेला. शाळेतून आलेल्या मुलाला बाकावर बसून शिकण्यासाठी जागा त्यामुळे कमीच उरते.

पायरेट्सचे नाव भारतात याआधीही गाजले होते. भालाफेक करणारे रिंकू सिंह आणि दिनेश पटेल यांना याच क्लबने २००८ मध्ये करारबद्ध केले. त्याआधी त्यांनी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉम हाउस यांच्याकडे सराव केला होता. दोघेही मायनर लीगच्या पुढे गेले नाहीत. रिंकू नंतर डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीत दिसला.