अर्थसी: बोटांनी ओळखायचं जग

अर्सुला ले ग्विन यांची ‘अर्थसी’ मालिका १९६८ ते २००१ या काळात सहा पुस्तकांतून उलगडली. त्यांच्या लेखनाची खरी ताकद अनुभवायची, तर ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’मधलं भुयार गाठावं.

तेनार ही लहानपणीच देवस्थानाला वाहिलेली पुजारीण. थडग्यांखालच्या गुहेत उजेड नेण्यास सक्त मनाई, म्हणून ती भिंतीवर बोटं फिरवत, वळणं मोजत वाट पाठ करते. लेखिका वाचकालाही दिवा देत नाही. पानंच्या पानं फक्त स्पर्श, आवाज आणि गारवा. मग एका परक्या जादूगाराच्या काठीवर प्रकाश फुटतो आणि गुहा स्फटिकांनी लखलखते. इतकी वर्षं वावरलेली जागा तेनार पहिल्यांदाच पाहते, आणि तिच्यासोबत आपणही! कल्पनारम्य साहित्यात या तोडीचा प्रसंग विरळाच.

पहिल्या पुस्तकात हीच किमया पाऊस करतो. गुरू ओगियन पावसाला हटवू शकतो, पण तो पडू देतो आणि दाट झाडाखाली निजतो. शिष्य गेड मात्र ओल्या झुडपांत धुमसत राहतो: विद्या असून उपयोग काय? अर्थसीतल्या जादूचा संयम त्या एका रात्रीत अंगावर येतो.

ले ग्विन यांनी अर्थसीच्या बेटांचा नकाशा आधी काढला होता. त्यामुळे समुद्रप्रवास खरा वाटतो, आणि त्यातली माणसंही. गेडला होडी देणारा म्हातारा कोळी मोतीबिंदू बरा झाल्यावर एवढंच मागतो: होडीच्या नाळेवर डोळे रंगव.