करार आणि सार्वभौम

इंग्लंडमधील यादवी युद्धात पराभूत झालेल्या राजा पहिल्या चार्ल्सचा १६४९ मध्ये शिरच्छेद झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी टॉमस हॉब्जचा ‘लेव्हायथन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राज्यसंस्थेच्या अभावी प्रत्येकाला प्रत्येकाचे भय असते. म्हणून माणसे परस्परांशी करार करून आपले अधिकार सार्वभौमाच्या स्वाधीन करतात, असे त्याचे प्रतिपादन होते. सार्वभौम स्वतः या करारात सामील नसल्यामुळे त्याच्यावर करारभंगाचा आरोप करता येत नाही. तथापि प्राणरक्षणाचा हक्क कोणालाही सोडून देता येत नाही, हेही हॉब्जने मान्य केले. करार जीवितरक्षणासाठीच झालेला असल्याने, जी सत्ता प्रजेचे रक्षण करू शकत नाही, तिच्या आज्ञापालनाचे बंधनही संपुष्टात येते. निरंकुश सत्तेची मर्यादा अशा रीतीने तिच्या समर्थकाच्याच युक्तिवादात अंतर्भूत होती.