दाखवा बरं, कशा घेता?

‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ हा दवाखान्यात रोज विचारला जाणारा आणि फारसा उपयोग नसलेला प्रश्न आहे. उत्तर ठरलेलं असतं, ‘हो.’ बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली असतात, विचारणाऱ्याला पुढचा पेशंट बघायचा असतो आणि सांगणाऱ्याला डॉक्टरांची बोलणी खायची नसतात. शिवाय बहुतेकांना मनापासून वाटत असतं की आपण गोळ्या बरोबरच घेतो. त्यामुळे ते ‘हो’ खोटं नसतं, पण त्याच्या भरवशावर उपचार ठरवता येत नाहीत.

तरी ते रोज ठरतात. बीपी १७० भरलं आणि पेशंट म्हणाला गोळी चालू आहे, की गोळी पुरत नाही असा अर्थ काढला जातो. मात्रा वाढते, जोडीला दुसरी गोळी येते. प्रत्यक्षात पहिलीच गोळी आठवड्यातून तीन-चारदा पोटात जात असते. पुढे न्यूमोनिया होऊन किंवा खुब्याचं हाड मोडून हा माणूस ॲडमिट होतो, सिस्टर कागदावरच्या सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी देतात आणि बीपी धाडकन खाली येतं. मी क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. हा प्रकार आमच्या कामात नवा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालात म्हटलं होतं की विकसित देशांतसुद्धा दीर्घ आजारांत औषधं नेमाने घेण्याचं प्रमाण सरासरी ५० टक्केच भरतं.

गोळी चुकण्यामागे नेहमी हयगयच असते असं नाही. काहींना ती घ्यायचीच नसते. त्रास काही होत नाही, मग कशाला, असं त्यांचं म्हणणं. काहींना परवडत नाही. पेन्शन जमा होईपर्यंत ते एक दिवसाआड घेतात, आणि हे डॉक्टरांना कधी सांगत नाहीत. आणि काहींची इच्छाही असते, पैसेही असतात, पण ते काम त्यांच्याच्याने नीट होत नाही. हा तिसरा गट सगळ्यांत सहज नजरेआड होतो, कारण तो तक्रार करत नाही.

एका आजींचं उदाहरण सांगते. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, पुण्यात एकट्या राहणाऱ्या, रोजचं शब्दकोडं पेनाने सोडवणाऱ्या. मुलगा अमेरिकेतून रोज व्हिडिओ कॉलवर विचारायचा, ‘आई, गोळ्या झाल्या?’ त्या म्हणायच्या, ‘झाल्या रे.’ मी गेले तेव्हा म्हटलं, ‘आजी, सांगू नका. मी इथे नाहीच असं समजा आणि सकाळच्या गोळ्या काढून दाखवा.’ त्यांनी मिठाईचा जुना डबा आणला. आत पाकिटांचे कापलेले तुकडे. मेडिकलवाला कात्रीने पाच-पाच गोळ्या कापून देतो, तेव्हा औषधाचं नाव एका तुकड्यावर जातं, मुदत दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यावर नुसता चकाकता चंदेरी कागद उरतो. आजी पाकीट वाचत नव्हत्याच. रंग आणि आकार बघून गोळी ओळखत होत्या. बीपीच्या टेल्मिसार्टनची दोन वेगवेगळ्या नावांची पाकिटं डब्यात होती, एक नेहमीच्या डॉक्टरांचं, दुसरं हॉस्पिटलमधून सुटताना दिलेलं. एक गोळी पांढरी, दुसरी गुलाबी. म्हणजे त्यांच्या हिशेबी औषधं दोन, आणि दोन्ही चालू.

मग उघडायची पाळी आली. आजींच्या अंगठ्याचे सांधे धरलेले होते. पाकिटातली गोळी दाबून निघेना, म्हणून त्या कात्रीने चिरत होत्या, आणि निम्म्या वेळा गोळीच तुटत होती. तुटलेला भुगा टाकून द्यायच्या. थायरॉइडच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलं की फिरत नाही, म्हणून नुसतं वर टेकवून ठेवलेलं, तेही गॅसजवळच्या फडताळात. थायरॉक्सिन ओल, उष्णता आणि उजेड यांनी उतरतं. वेळा मात्र आजींच्या तोंडपाठ होत्या: ‘ही उपाशीपोटी, ही नाश्त्यानंतर, ही झोपताना.’ तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते. हातात गोळी येईपर्यंत काय घडतं, ते समोर बसून बघितल्याशिवाय कोणालाच कळलं नसतं.

मी त्या दिवशी केलं त्याला एक रीतसर पद्धत आहे. १९९९ साली हेलन एडेलबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक चाचणी मांडली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘ड्रग्ज’ म्हणतात. पेशंटची स्वतःची औषधं समोर ठेवायची आणि प्रत्येक औषधाबाबत चार गोष्टी करून दाखवायला सांगायच्या: हे औषध ओळखा, त्याचं पाकीट किंवा बाटली उघडा, एका वेळची मात्रा बाहेर काढा, आणि कधी घेता ते सांगा. गुणांकन शंभरापैकी. त्यांनी ही चाचणी स्वतंत्र राहणाऱ्या, चांगल्या हिंडत्याफिरत्या वृद्धांवर केली होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण अंथरुणाला खिळलेल्यांकडे घरचे बघतातच. उणीव सुरू होते ती आपल्या पायांनी भाजी आणणाऱ्या माणसात, आणि तिथे कोणाला शंकाही येत नाही.

त्याच्या कितीतरी आधी, १९६९ मध्ये, लॉटन आणि ब्रॉडी यांनी म्हाताऱ्या माणसाचं घरातलं स्वावलंबन मोजायला आठ कामांची यादी केली होती. फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, पैशाचा व्यवहार आणि औषधं. ती आजही वापरली जाते. तिच्यात योग्य मात्रा योग्य वेळी आपली आपण घेणाऱ्याला एक गुण. पण कोणी आधी काढून ठेवलेली गोळी जो स्वतः आठवणीने घेतो त्यालाही शून्य, आणि ज्याला काहीच जमत नाही त्यालाही शून्य. हे मला कधी पटलेलं नाही. आपल्या घरांत असंख्य माणसं या मधल्या पायरीवर असतात. सुनेने रविवारी आठवड्याचा डबा भरून ठेवायचा आणि सासऱ्यांनी रोज त्यातून घ्यायचं, ही व्यवस्था वर्षानुवर्षं नीट चालते. तिला शून्य देणं म्हणजे त्या माणसाचं उरलेलं सामर्थ्य न मोजणं.

स्मरणशक्तीबद्दलही एक घोटाळा होतो. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगायचे, घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावायची आणि मग ते शब्द विचारायचे, ही छोटी चाचणी बरीच वापरात आहे. उपयोगी आहे. पण ऐकलेलं आठवणं वेगळं आणि ‘रात्री नऊला गोळी घ्यायची आहे’ हे नेमकं रात्री नऊला आठवणं वेगळं. मालिका चालू असते, फोन येतो, नातू रडायला लागतो, आणि नऊचे साडेदहा होतात. मग दुसरा प्रश्न उभा राहतो: घेतली की नाही? रोजची तीच गोळी, तोच पेला, तोच ओटा. कालची आठवण आणि आजची आठवण वेगळी काढता येत नाही. इथे गोळ्या मोजणं हा साधा उपाय आहे. एक तारखेला सकाळपासून रोज एक या हिशेबाने ३० गोळ्या सुरू केल्या, तर १८ तारखेच्या संध्याकाळी १२ उरायला हव्यात. १७ उरल्या तर पाच चुकल्या. ९ च उरल्या तर तीनदा दुबार गेल्या, आणि ते जास्त काळजीचं.

भारतात साठीपुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-डॅड’ या मोठ्या पाहणीतून आला. या माणसांना आपल्याला विसर पडतो याचाच विसर पडतो. त्यामुळे त्यांच्या तोंडी उत्तरावर विसंबणं तर आणखीच धोक्याचं. पण निदान झालं म्हणून दुसऱ्या दिवशी सगळा डबा काढून घ्यावा, असंही नाही. सुरुवातीच्या काळात सवयीची एक सकाळची गोळी ते व्यवस्थित घेतात. गडबड होते ती नव्या किंवा बदललेल्या औषधाची.

गोळ्यांचं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसोटी लागते ती यंत्रं आणि सुया हातात आल्या की. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलीलिटरला ४० युनिट ताकदीचं असतं आणि पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. मोतीबिंदू असलेल्या माणसाला पिवळ्या दिव्याखाली लाल आणि केशरी यातला फरक कितीसा दिसणार? १०० चं इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर शरीरात २० नव्हे, ५० युनिट जातात. दम्याच्या औषधाची तऱ्हा निराळी. यंत्रात घालून ओढायची रोटाकॅप पाण्याबरोबर गिळणारे पेशंट प्रत्येक छातीच्या डॉक्टरांना भेटलेले असतात, आणि त्यांना कोणी वेडं म्हणू नये. कॅप्सूल दिसली की गिळायची हेच तर ते जन्मभर करत आले. पंपाच्या बाबतीत दाबणं आणि श्वास ओढणं एकाच क्षणी जमावं लागतं, मग दहापर्यंत मोजत श्वास रोखायचा. हे समोर करून बघितल्याशिवाय ‘पंप लागू पडत नाही’ असा शेरा कोणी मारू नये.

‘ड्रग्ज’ चाचणीतल्या चारही पायऱ्या जमल्या तरी एक उरतेच, ती म्हणजे तारतम्य. रोजचा दिवस रोजच्यासारखा नसेल तेव्हा काय करणार? मी मधुमेहाच्या पेशंटना नेहमी विचारते, ‘उद्या एकादशी आहे. शुगरच्या गोळीचं काय करता?’ या प्रश्नाने जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशानेच कळत नाही. कोणी म्हणतं, ‘उपासाला गोळी घेत नाही,’ कोणी म्हणतं, ‘गोळी घेते, फराळ दुपारी करते.’ ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही. ती स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतेच. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलेल्या बाईला घाम फुटतो, हात थरथरतात, डोकं भणभणतं, आणि घरचे म्हणतात उपासाने पित्त झालं. दुसरा असाच प्रश्न संधिवाताच्या मेथोट्रेक्सेटचा. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं तर अस्थिमज्जा मार खाते आणि जीवही जातो. ‘कधी घेता?’ याला ‘रात्री’ हे उत्तर आलं की मी पुढे विचारते, ‘कोणत्या वारी?’ वार सांगता आला नाही तर त्या माणसाच्या हाती ते पाकीट एकट्याने देऊ नये.

या सगळ्या तपासणीची पेशंटला भीती वाटते, आणि ती रास्त आहे. त्याला वाटतं, आता आपली औषधं काढून घेणार, मग किल्ल्या, मग बँकेचं पुस्तक. म्हणून मी आधीच सांगते की कुठे अडतं तेवढंच बघायचं आहे. गणिताच्या आजींची बुद्धी शाबूत होती. त्यांचं अडत होतं अंगठ्यात आणि कापलेल्या पाकिटांत. दोन टेल्मिसार्टनपैकी एक डॉक्टरांना विचारून बंद झाली, मेडिकलवाल्याला पूर्ण पाकीटच द्यायला सांगितलं, कामाला येणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा गोळ्या पाकिटातून मोकळ्या करून देऊ लागल्या आणि सात वारांचा डबा आजींनी आपल्या हाताने भरला. बस.

डब्याबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. दाबिगाट्रानसारखी काही औषधं मूळ वेष्टनातून काढून ठेवता येत नाहीत. हवेतल्या ओलीने ती बिघडतात. आणि ज्याच्या निम्म्या गोळ्या चुकत होत्या तो डबा आल्यावर सगळ्या घेऊ लागतो. कागदावरची मात्रा तर त्या चुकणाऱ्या काळात वाढवत नेलेली असते. डबा सुरू केल्यावर पहिले दोन आठवडे बीपी आणि शुगर वरचेवर तपासलीच पाहिजे.

ब्रिटनमधल्या अनेक हॉस्पिटलांत याची रंगीत तालीम वॉर्डातच होते. आधी नर्स औषध देते, मग पेशंट तिच्या देखरेखीखाली स्वतः घेतो, आणि जमतं अशी खात्री झाली की पलंगाशेजारच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे जाते. आपल्याकडे सुटीच्या दिवसापर्यंत सिस्टर गोळ्या हातावर ठेवतात, आणि बिल भरल्यावर पिशवीभर औषधं व ‘१-०-१’ लिहिलेलं कार्ड एकदम नातेवाइकाच्या हातात येतं. त्या आदल्या दोन दिवसांत पेशंटला स्वतःच्या गोळ्या स्वतः काढायला लावायला एक पैसाही जादा लागत नाही. २००८ पासून देशात फार्म-डीचा अभ्यासक्रम आहे, २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. गावपातळीवर आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा तपासणी तक्ता भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी विसराळूपणाचा प्रश्न आहेच. त्याच भेटीत ‘गोळ्या काढून दाखवा’ म्हणायला दोन मिनिटं पुरतात.

ही तपासणी एकदा करून भागत नाही. हॉस्पिटलमधून परतल्यावर, पडझड झाल्यावर, नवा चष्मा लागल्यावर ती पुन्हा करावी. आणि जोडीदार गेल्यावर तर नक्कीच. आपल्याकडे कितीतरी पुरुषांनी आपल्या हाताने पाकीट कधी उघडलेलंच नसतं. गोळी आणि पाण्याचा पेला समोर येत असतो, आणि डॉक्टरांच्या नोंदीत ते ‘नियमित पेशंट’ असतात. काकू गेल्या की काकांची शुगर वाढते, ती दुःखामुळे असं सगळे धरून चालतात. तेराव्याला जमलेल्यांपैकी कोणीतरी काकांकडून गोळ्यांचा डबा मागून घ्यावा, शेजारी बसावं आणि उद्या सकाळच्या गोळ्या काढून दाखवायला सांगाव्यात.