फोटो आणि त्याखालची ओळ: एचटीएमएलमधला 'फिगर' टॅग

संशोधनाची तयारी करताना फोटो काढायला सगळेच शिकतात. पण तो फोटो वेबपेजवर टाकताना त्याखालची ओळ कशी लिहायची, हे सहसा कुणी सांगत नाही. मीही चूक करूनच शिकलो.

आंबेगाव तालुक्यातल्या आहुपे गावाची देवराई तुम्ही ऐकली असेल. तिथले दोन फोटो मी एका पानावर शेजारी शेजारी लावले होते. पहिला देवराईच्या आतला, दुसरा बाहेरच्या उघड्या उताराचा. खालच्या रांगेत दोघांच्या ओळी. लॅपटॉपवर सगळं छान दिसलं. मोबाइलवर मात्र आधी दोन्ही फोटो एकाखाली एक आले आणि मग दोन्ही ओळी. त्यामुळे उघड्या उताराच्या फोटोखाली आलं 'देवराईचा आतला भाग'! एका ज्युनिअरने विचारलं, "देवराई एवढी विरळ झाली?" गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या जंगलाबद्दल माझ्या पानाने चुकीचं सांगितलं होतं.

असं का झालं? मी फोटो 'आयएमजी' टॅगमध्ये आणि ओळी साध्या परिच्छेदाच्या 'पी' टॅगमध्ये लिहिल्या होत्या. कुठली ओळ कुठल्या फोटोची, हे ब्राउझरला कळायला काही मार्गच नव्हता. एचटीएमएल ५ मध्ये (डब्ल्यू३सीची अधिकृत शिफारस, २०१४) यासाठी दोन टॅग आहेत: 'फिगर' आणि 'फिगकॅप्शन'. रचना अशी (कोडमध्ये नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायची):

फिगर सुरू
– आयएमजी: फाइलचं नाव आणि 'आल्ट' मजकूर
– फिगकॅप्शन: फोटोची ओळ
फिगर बंद

आता ही जोडी एकत्र हलते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकालाही ही ओळ याच फोटोची आहे, हे कळू शकतं.

काही नियम लक्षात ठेवा:

१. फिगकॅप्शन हे फिगरच्या आत अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी हवं, आणि एका फिगरला एकच.

२. फिगरमध्ये फोटोच हवा असं नाही. तक्ता, आलेख, कोडचा तुकडा, एकाच ओळीखालचे तीन-चार फोटोही चालतात. नुसत्या शोभेच्या चित्राला मात्र फिगरची गरज नाही.

३. आल्ट आणि कॅप्शन एकच नाही. फोटो न दिसणाऱ्याला तो शब्दांत दाखवायचं काम आल्टचं: 'दाट झाडी, जमिनीवर पालापाचोळा, मधोमध जाड वेल'. फोटो बघूनही जे कळत नाही ते कॅप्शनमध्ये: 'आहुपे देवराई, ता. आंबेगाव, जि. पुणे', महिना, वर्ष, फोटो कुणी काढला. दोन्हीकडे तेच वाक्य चिकटवलं तर स्क्रीन रीडर ते दोनदा वाचतो.

४. मजकुरात 'वरच्या फोटोत' लिहू नका, 'आकृती २ मध्ये' लिहा. फिगरला 'आयडी' दिला की तिथे थेट लिंकही देता येते.

एक मर्यादाही सांगतो. फिगर टॅग ओळ पानावर बांधतो, फोटोच्या फाइलमध्ये नाही. कुणी नुसता फोटो डाउनलोड करून पुढे पाठवला, तर ओळ मागेच राहते. म्हणून फाइलच्या नावातच ठिकाण आणि तारीख घाला.

एवढा आटापिटा कशासाठी? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर लिहिलं. आज आपण तेव्हाशी तुलना करू पाहतो. उद्या कुणीतरी आपल्या फोटोंशी करेल. ठिकाण आणि तारीख सुटलेला फोटो त्याच्या काय कामाचा?

तर पान तयार झालं की आधी मोबाइलवर उघडा आणि प्रत्येक ओळ आपापल्या फोटोखाली आहे ना, ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नव्हतं.